मयताचा कागद : एकोणिसाव्या शतकातल्या खानदेशात मृत्यूची चौकशी कोण करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "बघा", "तर" येतात त्यातले निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.

आजचा विषय थोडा जड आहे. समजा, १८७० च्या आसपासचं खानदेशातलं एक गाव आहे. यावलकडचं म्हणा, साक्रीकडचं म्हणा. सकाळी विहिरीत प्रेत दिसतं. आता पुढे काय होणार? पोलीस ठाणं दहा-पंधरा कोसांवर, डॉक्टर धुळ्याला. मग हा माणूस कसा मेला हे ठरवणार कोण? आणि जे ठरलं ते कागदावर कुणाच्या शब्दांत उतरणार?

हा प्रश्न मला कामामुळेही पडतो. मी इन्शुरन्स क्लेमच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यात "मृत्यूचे कारण" नावाचा एक रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कुणीतरी कधीतरी एक शब्द निवडतो आणि त्या क्षणापासून तोच शब्द खरा ठरतो. खानदेशात हा रकाना दीडशे वर्षांपूर्वी कोण भरत होतं, याची ही गोष्ट.

थाळनेर, १८१८

आधी थोडा भूगोल. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यातूनच आलेत.

इंग्रज इथे आले ते १८१८ मध्ये. जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि होळकरांनी तापीकाठचा थाळनेरचा किल्ला सोडून दिला. थाळनेर म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यातलं, फारुकी सुलतानांची थडगी जिथे आहेत ते गाव. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तिथे पोचला. किल्ल्यात अरब शिबंदी होती. तोफा चालल्या, मग शरणागतीची बोलणी सुरू झाली. आतल्या दरवाजापाशी काही इंग्रज अधिकारी आत शिरले, गडबड झाली आणि अरबांनी त्यांच्यावर हत्यारं चालवली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यानंतर शिबंदीतली जवळजवळ सगळी माणसं कापली गेली. किल्लेदार तुळशीराम मामा याला त्याच दिवशी फाशी दिली.

आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट बघा. या एका फाशीची चर्चा पुढच्या वर्षी थेट लंडनच्या पार्लमेंटमध्ये झाली. शरण आलेल्या किल्लेदाराला लटकवणं योग्य होतं का? दरवाजावर जे झालं तो दगा होता की भाषा न समजल्यामुळे झालेला गोंधळ? १८१९ मध्ये सैन्याच्या आभाराचा ठराव आला तेव्हा हिस्लॉपच्या बाबतीत थाळनेरची फाशी मुद्दाम बाजूला ठेवण्यात आली. म्हणजे आभार लढाईचे, त्या फाशीला मान्यता नाही.

एका मृत्यूची इतकी दखल घेतली गेली. किल्ल्यातल्या बाकी माणसांचं काय? त्यांची मोजणी साधारण आकड्यात होते, नावांत होत नाही. कुठल्या मृत्यूला "का?" विचारायचं आणि कुठला नुसता बेरजेत धरायचा, हा फरक पहिल्याच वर्षी दिसतो. पुढची ऐंशी वर्षं तो गेला नाही.

पाटील, जागल्या आणि माग

इंग्रजांच्या आधी काय होतं? गावातल्या गुन्ह्याची जबाबदारी गावाची. पाटील वरती, त्याच्या हाताखाली जागल्या. खानदेशात हे जागल्याचं काम बऱ्याच ठिकाणी भिल्लांकडे होतं. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा. माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबला, त्या गावानं तो पुढे काढून दाखवायचा, नाहीतर भरपाई द्यायची. खून झाला तरी पहिला प्रश्न हाच, की शीव कुणाची?

या पद्धतीत माहिती भरपूर असायची, कारण गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक. पण ती माहिती गावाच्या सोयीनंच बाहेर यायची. सरकारी दंड गावावर बसणार असेल तर प्रेत रातोरात दुसऱ्याच्या शिवेत सरकवणं कुणाला सुचणार नाही असं मला वाटत नाही.

१८६७ चा फॉर्म

१८५७ नंतर कायदे भराभर आले. भारतीय दंड संहिता १८६० ची, लागू झाली १८६२ पासून. फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१ ची, मग १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये नव्यानं. आपल्यासाठी महत्त्वाचा मात्र एक छोटा कायदा आहे : मुंबई इलाख्याचा १८६७ चा ग्रामपोलीस कायदा. "पोलीस पाटील" आपल्याला माहीत आहे तो यातला.

या कायद्यानं पाटलाला सांगितलं की गावात कुणी अचानक किंवा अनैसर्गिक रीतीनं मेलं, किंवा प्रेत सापडलं, तर ताबडतोब गावातली किंवा आसपासची दोन किंवा अधिक समजूतदार माणसं गोळा कर. मृत्यूचं कारण आणि सगळी परिस्थिती तपास, लेखी अहवाल कर आणि पोलीस अधिकाऱ्याकडे पाठव. संशय असेल आणि प्रेत नेता येण्यासारखं असेल तर सिव्हिल सर्जनकडे रवाना कर. पोलिसांसाठी फौजदारी संहितेतही असंच कलम होतं : शेजारपाजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवा, अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, वळ लिहून घ्या, कशानं मेला असं दिसतं ते लिहा.

हाच आपला मरणोत्तर पंचनामा.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात यासाठी कोरोनर असायचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही काउंटीचा कोरोनर असायचा आणि तो स्थानिक पुरुषांची ज्युरी प्रेतासमोर उभी करायचा. तिथल्या इतिहासकारांनी साउथ कॅरोलिनातल्या अशा जुन्या चौकशा वाचून त्या समाजाबद्दल खूप काही शोधून काढलंय. गुलामाच्या मृत्यूचीही चौकशी व्हायची, पण ज्युरीत बसायचे गोरे. आपल्याकडे कोरोनर फक्त मुंबईसारख्या शहरात आला. त्यासाठी १८७१ चा वेगळा कायदा होता आणि मुंबईचं ते पद थेट १९९९ मध्ये बंद झालं. खेड्यात कोरोनरचं काम पाटील आणि पंच यांच्यावर आलं. तेच शेजारी, तेच साक्षीदार, आणि एका अर्थानं न्यायाधीशही तेच.

धुळ्याचा रस्ता आणि मुंबईची बरणी

मंडळी, "प्रेत सिव्हिल सर्जनकडे पाठवा" हे वाचायला सोपं आहे. मे महिन्यातला खानदेश डोळ्यांसमोर आणा. बैलगाडी, चाळीस मैल, बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री ऊन. पोचेपर्यंत तपासायला काय शिल्लक राहणार? जळगाव, भुसावळला रेल्वे १८६० च्या दशकात आली खरी, पण धुळ्याला चाळीसगावहून फाटा आला तो १९०० मध्ये. म्हणजे जवळजवळ सगळं शतक जिल्ह्याच्या ठाण्याला रेल्वेच नव्हती. त्यामुळे बऱ्याच मृत्यूंच्या बाबतीत पंचांनी जे पाहिलं आणि लिहिलं तोच शेवटचा शब्द ठरला असणार.

विषाचा संशय असला की वेगळी यंत्रणा. सोमल, धोतरा, अफू ही तिन्ही विषं माणसांच्या ओळखीची आणि हाताशी असलेली. सोमल औषधातही वापरायचे. विषांच्या विक्रीवर देशभराचा कायदा आला १९०४ मध्ये. पोटातल्या अवयवांचे नमुने बरणीत घालून मुंबईला केमिकल अॅनालायझरकडे जायचे. हे ऑफिस ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेलं होतं. तिथले आय. बी. लायन यांनी भारतासाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचं जे पुस्तक लिहिलं ते पुढे कित्येक वर्षं डॉक्टर आणि वकील वापरत राहिले. सोमल ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ पासूनची. ती अगदी थोडं विषही पकडायची.

पण बरणी मुंबईला जायची केव्हा? पाटलानं "संशय आहे" असं लिहिलं तरच. पटकीसारखे जुलाब-उलट्या सोमलानंही होतात. ज्या वर्षी गावात पटकीची साथ आहे त्या वर्षी घरातलं एक माणूस तसंच गेलं तर संशय कुणाला येणार? साप चावला म्हटलं की झालं. मुंबईची प्रयोगशाळा कितीही हुशार असो, तिची पहिली पायरी खेड्यातल्या दोन माणसांच्या हातात होती.

प्रतिष्ठित म्हणजे कोण?

इथे मी "प्रतिष्ठित" या शब्दावर थांबतो. आजही पंचनाम्यात "प्रतिष्ठित पंच" लिहितात. तेव्हाच्या गावात हा शब्द कुणाला लागायचा? साधारणपणे कुणबी-पाटील घरातले कर्ते पुरुष, वाणी, कुलकर्णी, देशमुख. बाई पंच असणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. रात्रभर प्रेताजवळ राखण बसायची ती महारांनी किंवा भिल्ल जागल्यानं. ज्यानं प्रेत सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त वेळ पाहिलं, त्याची सही कागदावर नसायची.

त्यात भाषा. माणसं बोलणार अहिराणी, तावडी, भिल्ली, पावरी. कुलकर्णी लिहिणार कागदी मराठीत, मोडी अक्षरात. वरचा साहेब वाचणार इंग्रजीत. "माले माहीत नही" असं कुणी खाली मान घालून म्हटलं, तर त्यातली भीती या तीन जिन्यांवरून चढत वरपर्यंत जाते का? वरती जातं ते एवढंच, की साक्षीदारास माहिती नाही.

आणि मग विहीर. घरातली सून विहिरीत सापडली. पंच कोण? सासऱ्याच्या ओळीत बसणारी माणसं. तिचं माहेर दुसऱ्या गावात. "पाणी भरताना पाय घसरून पडली" हे वाक्य खरंही असू शकतं, कारण खानदेशातल्या विहिरी खोल आणि पायऱ्या निसरड्या. पण ते खरं नसेल तेव्हा त्याला खोटं म्हणणारं त्या पंचांत कुणीच नाही.

बाईचा दुसरा एक प्रकार मात्र यंत्रणेच्या नजरेत पटकन यायचा : विधवेचं मूल. इथे गाव गप्प बसत नसे, गावच बोट दाखवायचं. आपल्या शेजारच्या सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर जे लिहून आलं त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांची "स्त्रीपुरुषतुलना" आली. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याला लागूनच. त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात फुले पतिपत्नींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, ते याच भीतीवरचा उपाय म्हणून. मूल कुणाचं, बाप कुठे, हा रकाना चौकशीच्या कागदात नव्हताच.

कबुली आणि काठी

आता उलट बाजू. चौकशी करणाऱ्याच्याच हातून माणूस मेला तर?

१८५५ मध्ये मद्रास इलाख्यात सरकारी छळाची चौकशी करणारा आयोग बसला. त्याच सुमारास खानदेशाला लागून असलेल्या नाशकात गुन्नू नावाच्या माणसाला खुनाच्या संशयावरून पकडलं, कबुलीसाठी पोलिसांनी त्याचा छळ केला आणि तो मेला. पोलिसांवर खटला चालला. अशा प्रकरणांचा बोभाटा झाला आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात स्पष्ट आलं की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. तो नियम आजही आहे. म्हणजे सरकारनं स्वतःच्याच पोलिसावर लेखी अविश्वास दाखवला, आणि पोलीस मात्र तसेच ठेवले.

खानदेशात याच प्रश्नाचा एक विलक्षण धागा आहे, खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याचा घाट सांभाळायचं काम इंग्रजांनी या भिल्ल नाईकाला दिलं होतं. १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्याच धोरणाचा हा भाग : ज्यांची भीती त्यांनाच राखण द्यायची. खाज्यानं वर्षानुवर्षं ते काम केलं. मग दरोड्याच्या संशयावरून धरलेल्या एका माणसाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि खाज्याला त्याबद्दल कैद झाली. सुटल्यावर पुन्हा नोकरी मिळाली. आणि १८५७ मध्ये तो बंडात उतरला.

११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या कित्येक भिल्लांना तिथेच लष्करी कोर्ट भरवून गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रजांच्या बाजूच्या जखमी अधिकाऱ्यांची नावं नोंदलेली आहेत. त्या रांगेत उभ्या केलेल्या माणसांसाठी ना पंच, ना जखमांचं वर्णन, ना कारणाचा रकाना. खाज्या स्वतः १८६० मध्ये दगाफटक्यानं मारला गेला.

या तीन मृत्यूंकडे एकत्र बघा. कोठडीत मेलेल्या एका संशयितासाठी खाज्याला शिक्षा झाली, म्हणजे तिथे कायदा चालला. त्याच खाज्याच्या माणसांना डोंगरात मारलं तेव्हा कायद्याला सुटी होती. आणि खाज्याला मारलं तेव्हा त्या मृत्यूनं सरकारचं काम सोपं झालं. माणूस मेल्यावर चौकशी होणार की नाही हे त्याला कुणी मारलं यावर ठरत होतं.

त्या फॉर्मला लागलेले पॅच

आमच्या धंद्यात जुना कोड सहसा कुणी काढून टाकत नाही. त्यावर पॅच लावत जातात. आणि प्रत्येक पॅच वाचला की कळतं, इथे कधीतरी काय फुटलं होतं.

पंचनाम्याचा कायदा तसाच वाचता येतो. १८६१ चा सांगाडा १९७३ च्या फौजदारी संहितेत आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी आहेतच. पण मधे दोन मोठे पॅच आहेत.

पहिला १८८३ चा नाही हो, १९८३ चा! त्या वर्षी कायद्यात आलं की लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर शवविच्छेदनासाठी प्रेत पाठवायलाच हवं. "पाय घसरला" म्हणून पंचांनी सही केली की संपलं, असं चालणार नाही. आज अशा पंचनाम्याला बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात, ते यामुळेच. गावच्या पंचांवर विसंबून राहू नये हे कायद्याला सुचायला शंभराहून जास्त वर्षं लागली. तेवढ्या काळात किती सुना पाय घसरून गेल्या याची मोजणी आता होणार नाही.

दुसरा २००५ चा, अमलात आला २००६ मध्ये. पोलीस कोठडीत मृत्यू, बेपत्ता होणं किंवा बलात्कार झाला तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानंच करायची. नाशकातल्या गुन्नूनंतर दीडशे वर्षांनी.

आंबापाणीसारख्या मृत्यूंसाठी पॅच कुठला, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो. चकमक या शब्दाभोवती आजही कोर्टात वाद चालतात, एवढं सांगतो.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पटली. जुना पंचनामा हा पोलिसांचा कागद म्हणून वाचण्यात फार हाती लागत नाही. तो गावाचा कागद म्हणून वाचावा. कोण पंच होतं, कोण नव्हतं, कुणाच्या मृत्यूला दोन ओळी मिळाल्या आणि कुणाच्या मृत्यूला दोन पानं, हे बघावं. मृत्यूचं कारण चुकीचं लिहिलेलं असू शकतं. पण ते लिहिताना कोण कुणाच्या बाजूला उभं होतं, हे त्या कागदाला लपवता येत नाही.

जाता जाता एक विनंती. खानदेशातल्या जुन्या पाटील-कुलकर्णी घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी माळ्यावर असतात. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. तुमच्याकडे असतील तर देऊ नका. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांनी गोळा केलेल्या कागदांसाठी ही संस्था उभी राहिली. निदान तिथे जाऊन विचारा. वतनाचे, लग्नाच्या याद्यांचे कागद घरची माणसं कौतुकानं जपतात. "अमुक विहिरीत मयत" असला कागद नकोसा वाटतो. त्या बाईचं नाव लिहिलेला जगातला तेवढा एकच कागद असू शकतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम!